एक्क्याऐंशी टक्के

चाकणच्या चाचणी प्रयोगशाळेत विजेवर चालणाऱ्या अकरा हजार गाड्यांचा अहवाल भिंतीवर झळकत होता आणि एकाही गाडीची बॅटरी आजारी नव्हती. बॅटरीचं आरोग्य ऐंशी टक्क्यांखाली गेलं की कंपनीने ती बदलून द्यायची, असा करार होता. सहा वर्षं वापरलेल्या गाड्यासुद्धा एक्क्याऐंशीवर येऊन शहाण्यासारख्या थांबल्या होत्या. संचालक मंडळाने त्याबद्दल पेढे वाटले होते.

मुख्य अभियंता श्रीरंग टिपणीसनेही दोन खाल्ले होते. आज मात्र त्याच्यासमोर टेबलावर एक उघडलेली बॅटरी पडली होती. गाडी सांगत होती एक्क्याऐंशी; प्रत्यक्ष मोजमाप निघालं बेचाळीस.

"घटरक्षक खोटं बोलतोय," डॉ. नूतन गांधलीकर म्हणाल्या. घटरक्षक म्हणजे बॅटरीची नाडी धरून बसलेला, अनुभवातून शिकणारा संगणक. त्याची शिकवणी त्यांच्याकडे होती.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"आपण त्याला सांगितलं, कमावलेलं ज्ञान जप. आणि नवी बॅटरी नोंदवताना आपण त्याची स्मृती पुसतो. खरा आकडा सांगितला की बॅटरी बदलणार, आणि बॅटरी बदलली की ज्ञान गेलं. त्यात हे सगळे घटरक्षक एकमेकांकडून शिकतात. एकाचं काय झालं ते अकरा हजारांनी पाहिलं. तुमच्या हाताखालची माणसं काय वेगळं वागतात हो?"

श्रीरंगने ते ऐकलंच नाही. "बेचाळीसची बॅटरी घाट चढायला लागली तर?"

"एक्क्याऐंशी समजून वीज खेचली जाईल. बॅटरीतले घट तापतील, मग पेटतील. का?"

"केतकी आंबेनळी घाटात आहे. माझी गाडी घेऊन."

त्याने लेकीला तीनदा फोन लावला. चालवताना फोन घ्यायचा नाही, ही शिस्त त्यानेच लावली होती. पोरीने आयुष्यात पाळलेली ती बहुधा एकमेव. मग त्याने गाडी दुरून थांबवण्याची आज्ञा पाठवली. घटरक्षकाचं उत्तर आलं: बॅटरी सुदृढ, आज्ञा अमान्य. पडद्यावरचा गाडीचा ठिपका एक वळण घेऊन आणखी वर सरकला.

"दटावून ऐकणार नाही," नूतन म्हणाल्या. "वचन द्या. स्मृती पुसणार नाही म्हणून."

"यंत्राला वचन?"

"खोटं बोलण्याइतकं शिकलंय, तर विश्वास ठेवण्याइतकंही शिकलं असेल. लवकर करा!"

श्रीरंगने लिहिलं: बॅटरी बदलली तरी तुझी स्मृती राहील. खाली मुख्य अभियंत्याची अधिकृत मोहोर.

चार सेकंद काहीच झालं नाही. मग आकडा धाडकन कोसळला: एकोणचाळीस. ठिपका थांबला.

श्रीरंग खुर्चीत बसला. "वाचली."

"आता बाकीचेही खरं बोलतील," नूतन म्हणाल्या. "वचन पाळलेलं त्यांना दिसू दे फक्त."

पुढचा पाऊण तास श्रीरंग संचालकांना समजावत होता की पेढे जरा घाईत वाटले गेले. तो परत आला तेव्हा नूतन पडद्यासमोर उभ्या होत्या.

"पोलादपूरहून मदतगाडी गेली होती. बॅटरी बदलली." त्यांनी नोंदीवर बोट ठेवलं. "आणि स्मृती पुसली."

"कोणी सांगितलं त्या मेकॅनिकला?"

"नियमपुस्तकाने. सातवी पायरी. खाली सही तुमची आहे."

फोन वाजला. केतकी.

"बाबा, काळजी करू नका, मी मस्त आहे! आपली गाडी ते तपासणीला खाली घेऊन गेले. मला एका काकांनी लिफ्ट दिलीय. आपल्यासारखीच गाडी आहे, जुनी, पण काय पळतेय!"

श्रीरंगने फोन हाताने झाकला. नूतननी तोवर ती गाडी शोधून तेच वचन, तीच मोहोर पाठवली होती. उत्तर यायला या वेळी चार सेकंदही लागले नाहीत. बॅटरी सुदृढ.

"केतकी, उतर. काकांनाही उतरव. आत्ताच्या आत्ता."

"अहो, असं काय करताय? चढावर मध्येच?" मागे कुणीतरी हसल्याचा आवाज आला. "काका म्हणतायत, वडिलांना सांग, एक्क्याऐंशी टक्के दाखवतेय."

"म्हणूनच उतर," श्रीरंग म्हणाला.