शेडातली नीळ

दुपारी साडेबाराच्या सुमारास शेडात नीळ दिसायला लागायची, आणि त्या दिवशीही ती अगदी वेळेवर दिसली. बिरू हाकेने हातातला तूस उकरायचा पंजा भिंतीला टेकवला आणि जमिनीवर पसरलेल्या भाताच्या तुसाकडे बोट केलं. तीन आठवड्यांची पांढरी पिल्लं बाजूला सरली आणि खाली निळ्या विष्ठेचे ठिपके उघडे पडले. कपड्यांना घालायची नीळ कुणी शिंपडत गेलं असावं, तसे ते भिंतीच्या कडेकडेने पडले होते.

"दात काय काढतोस? पाण्यात काय घातलंस ते सांग," संपतराव झांबरे ओरडले.

बिरूने दात काढले नव्हते. या शेडात काम करायला लागल्यापासून सात वर्षांत त्याने एकदाही दात काढले नव्हते.

"मी काय घालू मालक? तुमीच औषिद देता, मी वततो," तो म्हणाला आणि पुन्हा पंजा फिरवू लागला. संपतरावांनी वाटेत आलेलं एक कोंबडं बुटाने उडवलं, हातातली काठी पत्र्याच्या खांबावर दोनदा आपटली आणि शेडाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. आठ हजार पक्षी त्यांच्या दोन्ही बाजूंना फाटत गेले. शेडात दरारा असला की शिस्त असते, असं त्यांचं मत होतं, आणि स्वतःची मतं तपासून बघण्याची खोड त्यांना नव्हती.

पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने कोंबडीच्या आतड्यात मुळातच राहणाऱ्या एका जिवाणूला नवं काम शिकवलं होतं. आतड्याचं अस्तर सुजलं की तिथे काही रसायनं पाझरतात. त्यांची चाहूल लागली की हा जिवाणू निळा रंग तयार करायला लागतो, आणि पाच-सहा तासांत तो रंग विष्ठेतून बाहेर येतो. पूर्वी रक्ती हगवण आल्याचं शेडवाल्याला कळायचं ते मेलेली कोंबडी उचलताना. आता तीन दिवस आधी कळत होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'सूचक जिवाणू' होतं. तालुका त्याला नुसतं 'नीळ' म्हणायचा. पिल्लं आली की पहिल्याच दिवशी पाण्यातून पाजायची, बस्स.

पिल्लं देणाऱ्या कंपनीने मग नियम केला की लागोपाठ तीन बॅचमध्ये नीळ चढली तर त्या शेडाला पुढची पिल्लं बंद. संपतरावांची ही तिसरी बॅच होती. शेड त्यांनी स्वतः उभारलं होतं, पहाटे उठून तिथे जाण्यापलीकडे त्यांना दुसरं आयुष्य नव्हतं, आणि ते रिकामं पडलं तर सकाळी उठून जायचं कुठे, या विचाराने त्यांचं डोकं फिरत होतं. आधी त्यांनी खाद्यवाल्याला शिव्या घातल्या. मग शेजारच्या शेडवाल्याने रोग सोडला असं गावभर सांगितलं. आता बिरूची पाळी होती.

तासाभराने कंपनीच्या पशुवैद्य डॉ. नगमा मुजावर आल्या. या बाईंनी आतापर्यंत संपतरावांच्या शेडातले बारा पक्षी फाडून पाहिले होते. हगवणीचे जंतू नव्हते, जंत नव्हते, बुरशी नव्हती. आतड्याचं अस्तर मात्र सोलल्यासारखं लाल झालेलं होतं.

"काका, गुरुवारी काय असतं?" त्यांनी विचारलं.

"आठवडी बाजार. त्याचा इथं काय संबंध?"

"गुरुवारी नीळ पडत नाही. ह्या बॅचला नाही, मागच्या दोन बॅचलाही नाही. मी शेडातल्या कॅमेऱ्याचे रोजचे फोटो बघितले."

"बघा!" संपतराव बिरूकडे वळले. "गुरुवारी ह्याला घालायला सवड होत नसणार."

"बिरूभाऊ गुरुवारीही इथेच असतात. तुम्ही नसता."

बिरूचा पंजा थांबला. डॉक्टरांनी फोन पुढे केला. शेडातल्या कॅमेऱ्याने टिपलेली संपतरावांची सकाळची फेरी त्यावर लाल रेघेने दिसत होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पक्षी जिथे पळून दाटीवाटीने उभे राहत, नेमके तिथेच निळे ठिपके होते.

"पक्षी घाबरला की रक्त आतड्याकडून पायांकडे वळतं, पळण्यासाठी," त्या म्हणाल्या. "एखाद्या वेळी काही होत नाही. रोज तेच झालं की अस्तराला भेगा पडतात. आतले जंतू भेगांतून अंगात शिरतात. प्रतिकारशक्ती त्यांच्याशी झुंजतच बसते, आणि आतडं कायम सुजलेलं राहतं. ह्याला औषध नाही. भीती काढणं एवढंच."

"म्हणजे रोग मी आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला काय ठेवलंय मग? कोंबडी मला भिते? भ्यायलाच पाहिजे. मालक आहे मी."

"चार दिवस शेडात पाऊल टाकू नका. नीळ गेली नाही तर दोष तुमचा नाही, असं मी स्वतः कंपनीला लिहून देईन."

शेड जाण्यापेक्षा चार दिवस बरे, एवढा हिशेब संपतरावांना कळला. बाईकडे न बघताच त्यांनी मान हलवली.

शेडापासून घर शंभर पावलांवर होतं. त्या चार दिवसांत संपतराव सोप्यातल्या खुर्चीत बसून राहिले आणि घराला त्यांनी नको नको करून सोडलं. चहा गार का, म्हणून पहिल्या सकाळी ओरडा झाला. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं, तेव्हा ताट अंगणात गेलं. त्यांची बायको मालन खाली वाकून भात गोळा करत होती आणि हे वरून, गोळा कसा करायचा, ते सांगत होते. एकतीस वर्षं ती हेच ऐकत आली होती, पण पहाट ते दुपार तरी हा माणूस शेडात असायचा. आता तेवढीही उसंत राहिली नव्हती.

आणखी एका गोष्टीने त्यांचं टाळकं सरकलं. मालन सारखी संडास धूत होती. दिवसातून तीन-तीनदा आतून बादल्या ओतल्याचा आवाज यायचा आणि फिनेलचा वास सोप्यापर्यंत यायचा.

"पाणी काय तुझ्या बापानं आणून ठेवलंय?" ते ओरडले.

दुसऱ्या दिवशी बादल्यांचा आवाज दबका झाला, एवढंच.

चौथ्या सकाळी वीज गेली आणि टाकीतलं पाणी संपलं. मालन हंडा घेऊन विहिरीकडे गेली होती, तेवढ्यात संपतराव संडासात शिरले आणि तसेच बाहेर आले. भांड्यात निळं होतं. शेडात पडायचं तेच, तसंच गडद.

चार दिवसांची खदखद एकदम वर आली. अंगणात डॉक्टरांची गाडी नुकतीच थांबत होती. संपतराव अनवाणीच त्यांच्यावर धावून गेले.

"माणसांत शिरलं की हो तुमचं औषध! माझ्या घरात रोग आणलात! कोर्टात खेचतो तुम्हाला आणि तुमच्या कंपनीला!"

"आधी शेडाचं ऐका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता चढला होता. "मी आत्ता तिथूनच येतेय. एकही निळा ठिपका नाही. तुमचं शेड वाचलं."

हे ऐकायला संपतरावांनी चार दिवस काढले होते, पण आता ते त्यांच्या कानांवरून गेलं. "घरातलं बोला!"

डॉक्टरांनी विहिरीकडून येणाऱ्या मालनकडे पाहिलं आणि त्या जराशा अडखळल्या. "जिवाणू बुटांबरोबर, हातांबरोबर घरात येतो. शेडाजवळ राहणाऱ्या सगळ्यांच्याच पोटात तो वस्ती करतो. त्याने आजार होत नाही. आतडं शांत असेल तर तो असल्याचं कळतसुद्धा नाही."

"मग माझं कधी निळं झालं नाही ते?"

डॉक्टरांबरोबर शेडातून आलेला बिरू त्यांच्या मागे उभा होता; तो खाली बघत म्हणाला, "माजं बी रोज निळंच असायचं मालक. ह्या चार दिसांत न्हाई झालं."

"तुला कुणी विचारलं?" संपतराव त्याच्यावर गरजले. बिरू दोन पावलं मागे सरला, पण बोलला ते बोललाच.

मालनने हंडा पायरीवर ठेवला. पदराने हात पुसले. बोलताना तिचा आवाज बारीक होता, पण त्यात संताप होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"वरीस झालं. तुमी शेडात असला की जरा फिकं व्हायचं. ह्या चार दिसांत सकाळ-संध्याकाळ गडद. तुमी बघशीला आन् आरडशीला, म्हनून धूत बसले. मला वाटलं, आतडं कुजलं माजं. मरनार म्हनून कुनाला न सांगता रडत हुते मी."

"अगं, मग सांगायचं की मला!"

"तुमाला?" ती हसली. एकतीस वर्षांत असलं हसू त्यांनी पाहिलं नव्हतं. "कोंबड्यांची नीळ दिसली, तर चार दिस भाईर ऱ्हायलासा. बाईंनी एकदा सांगितलं आन् ऐकलंसा. माजी नीळ आता सगळ्यांम्होरं दिसली. माज्यासाठी किती दिस भाईर ऱ्हानार, ते बोला."

संपतरावांना हात उचलावासा वाटला, पण तीन माणसं बघत होती. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, तर त्यांनी नजर चुकवली नाही. मालनने हंडा उचलला, ती आत गेली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

संपतराव सवयीने शेडाकडे वळले. तिथे जायला आता कुणाची मनाई नव्हती. जाळीजवळ कोंबड्या पसरून निवांत दाणे टिपत होत्या. पंधरा पावलांवर पोचले असतील, तोच पहिली मान वर झाली, मग दुसरी, आणि सगळा कळप एकदम पलीकडच्या भिंतीकडे सरकायला लागला. ते थांबले. कळपही थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

मागे दार बंद होतं आणि पुढे आठ हजार पक्षी त्यांच्या पुढच्या पावलाची वाट बघत होते. अठ्ठावन्न वर्षांत कुणाला न भ्यालेल्या संपतरावांच्या पोटात गोळा आला. उद्या सकाळी त्यांना स्वतःची नीळ दिसली, तर ती कुणाला सांगायची?