सोमवारचा मासा

"माझा मासा सोमवारी दाराबाहेर थांबतो."

मांडव्याच्या जेट्टीवर उभी राहून मी हे वाक्य जर्मनमध्ये मोबाइलला पुन्हा पुन्हा सांगत होते. मोबाइल ऐकेल तर शपथ! मला जर्मनीत नर्सची नोकरी हवी होती. तिथले पेशंट काय मला माशाची चौकशी करणार? भाषा शिकवणाऱ्या या ॲपमध्ये असली वाक्यं कोण घालतं, देव जाणे.

"आणि माझ्या बकरीला वकील हवा आहे," शेजारून कुणीतरी जर्मनमध्ये म्हणालं.

त्याच धड्यातलं पुढचं वाक्य! मी गर्रकन वळले. कुरळे केस, काखेत हेल्मेट आणि चेहऱ्यावर असं हसू, की रागवायचीही पंचाईत.

"चोरून ऐकता?"

"तुम्ही ओरडत होतात. गेटवेपर्यंत ऐकू गेलं असेल."

"बरं... मग मिळाला का बकरीला वकील?"

"मिळाला ना. पण तो कांद्याला घाबरतो. पुढच्या धड्यात आहे."

मी इतकी हसले की लाँच लागली तरी कळलं नाही.

त्याचं नाव प्रज्योत. मुंबईचा, नोकरी अलिबागला, शनिवारी घरी निघालेला. जर्मनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो नुसती गंमत म्हणून ॲपमधली ही वेडी वाक्यं मराठीत करून इन्स्टावर टाकायचा, सोबत गावातल्या एखाद्या बकरीचा फोटो, आणि लोक पोट धरून हसायचे. मी शनिवारी मुंबईला क्लासला जायची. मग काय... दर शनिवारी लाँचमध्ये शेजारची जागा धरलेली असायची.

"नेत्रा, तुझे डोळे..." एकदा तो म्हणाला.

"काय माझे डोळे?"

"...टोपीखाली झोपलेत. धडा पाचवा."

अस्सा राग आला! कारण क्षणभर मला वाटलं होतं, आता हा काहीतरी खरं बोलणार.

पावसाळ्यात लाँच बंद झाल्या, क्लासही ऑनलाइन झाला. भेटी मात्र चालूच राहिल्या. आवडायला लागला होता तो मला. फार. आणि तेवढ्यात व्हिसा आला.

नागावच्या किनाऱ्यावर एका छत्रीत उभं राहून मी त्याला सांगितलं, "पुढच्या आठवड्यात निघते."

तो लाटांकडे वळला. मग म्हणाला, "माझ्या बकरीला विमानात खिडकी हवी."

माझं डोकंच फिरलं. "प्रज्योत, तुझं स्वतःचं एक तरी वाक्य आहे का रे? असेल तर घरी येऊन सांग. नसेल तर येऊच नकोस!"

छत्री त्याच्या हातात कोंबली आणि भिजत घरी आले. दोन दिवस फोन नाही, मेसेज नाही. इकडे बॅग भरता भरता माझ्या डोळ्यांना धार.

तिसऱ्या दिवशी सकाळी भर पावसात फाटक वाजलं. दारात प्रज्योत. इस्त्रीचा शर्ट, एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी पापलेटाची शेपटी. आमची आई म्हणजे श्रावणभर घरात सुकटीचा वाससुद्धा खपवून न घेणारी बाई. ती कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"काय रे बाबा, आज वार कुठला?"

प्रज्योतचा चेहरा पांढराफटक. "सोमवार... श्रावणी. मावशी, चुकलंच! आमच्या आईनं बजावलं होतं, पहिल्यांदा जातोयस, रिकाम्या हातानं जाऊ नको. आणि मला रात्रभर झोप नाही..."

त्यानं पिशवी हळूच बाहेरच्या पायरीवर ठेवली. मला हसू आवरेना.

"प्रज्योत... मासा सोमवारी दाराबाहेर थांबतो!"

तो मात्र हसला नाही. माझ्याकडे बघून अडखळत, शब्द शोधत, जर्मनमध्येच बोलला, "मी... सुद्धा... थांबेन. नेत्रासाठी. कितीही वर्षं."

हे वाक्य कुठल्याच धड्यात नव्हतं.

"काय म्हणतोय हा?" आईनं विचारलं.

"म्हणतो... थांबेन. माझ्यासाठी."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पदर सावरत दारातून बाजूला झाली.

"मग पावसात कशाला थांबतोस? ये आत, चहा टाकते. मासा तेवढा राहू दे बाहेर."