वज्रपंखाची रिकामी मूठ

“घेऊन जा बाबा तुझी बहीण! आन् परत ह्या उंबऱ्याला आणून सोडू नको!”

तुळजाबाईनं हे वाक्य सकाळपासून मनाशी इतकं घोळवलं होतं, की तोंडातून निघताना त्याला नको तेवढी धार आली... बिलोलीहून दुपारच्या एसटीनं आलेला मन्मथ हातातली चहाची कपबशी खाली ठेवायचंही विसरला. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बहीण नीलम्मा, या घरची थोरली सून, पदराचं टोक मुठीत धरून नुसती जमिनीकडं पाहत राहिली. भांडली नाही, रडली नाही. त्या न रडण्यानंच तुळजाबाईच्या काळजाला चरा गेला!

“माझं काही चुकलं का, आत्याबाई?”

“चुकलं न्हाई तर काय! नवरा परागंदा झाला, तरी हितंच चूल फुंकत बसलीस. दुष्काळात एक तोंड जास्तीचं झालंय मला. जा, कपडे भर. सकाळची पहिली गाडी हाय.”

जास्तीचं तोंड!... जिच्या हातच्या भाकरीवर हे घर उभं होतं, जी टँकरच्या रांगेत भांडून घागरी भरून आणायची आणि रात्री न सांगता सासूचे पाय चेपायची, तिला असं बोलताना आपली जीभ झडली कशी नाही, असं तुळजाबाईला वाटलं. पण गोड बोलून ही पोर हलली नसती. अजून वय होतं तिचं. मन्मथनं बिलोलीकडं एक चांगलं स्थळ पाहून ठेवलं होतं. जो येणार नाही त्याची वाट पाहत तिनं का म्हणून वाळून जावं? तेव्हा आपणच वाईट व्हायचं, आपणच तिला तोडायचं, आणि मग उरलेलं म्हातारपण भिंतीकडं तोंड करून काढायचं... एवढंच त्या थकलेल्या बाईनं ठरवलं होतं.

आणि ज्याची वाट होती, तो विरूपाक्ष! तुळजाबाईचा थोरला. विहिरीत उडी मारावी तर त्यानंच, असं सारं औसा गाव म्हणायचं. लहानपणी उडी मारताना गळ्यात डबीत बांधलेलं इष्टलिंग, लिंगायताचा अंगावरचा देव, उसळून दातावर आपटायचं, ओठ फुटायचा. तेव्हा तुळजाबाईनंच त्याला शिकवलं होतं, “डाव्या मुठीत लिंग धरायचं, मूठ छातीला लावायची आन् मग उडायचं. वर आलास की डोळ्याला लावायचं. देवाला पाण्यात एकटं सोडायचं न्हाई.” पण लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मित्रांनी पैज लावली. काठावर माणसं जमली, म्हणून गडी ऐटीत आला आणि दोन्ही हात पंखासारखे पसरून त्यानं मळ्यातल्या विहिरीत उडी घेतली. वर आला, तेव्हा गळा रिकामा होता! चांदीची डबी, तिच्यातलं इष्टलिंग, शिवदोरा, सगळं तळाच्या गाळात गेलं.

मठाचे स्वामी म्हणाले, “नवं बांधू, त्यात काय एवढं.” पण तुळजाबाईच्या नवऱ्यानं, संगप्पानं, अंगणात उभं राहून सांगितलं, “लिंग घिऊन ये, न्हाईतर तोंड दावू नको.” बाप हट्टी, पोरगा मानी! तो दिवसदिवस बुड्या मारत राहिला, डोळे लाल झाले, नखं फुटली... आणि एका सकाळी खाटेवर नुसतं अंथरूण होतं. नीलम्माच्या हातावरची हळद तेव्हा नीट उतरलीही नव्हती. त्या दिवसापासून ना निरोप, ना फोन.

यंदा त्याच विहिरीनं तळ दाखवला. लातूरला तर आगगाडीनं पाणी येत होतं. औशात टँकरचा भरवसा नव्हता. तरी संगप्पा रोज खांद्यावर फावडं टाकून मळ्यात जायचा आणि धोतर गाळानं माखून परतायचा. तुळजाबाई करवादायची, “माणसाला प्यायला थेंब न्हाई, आन् हे धोतर धुवायला लावतेत! कोरड्या विहिरीत काय धन पुरलंय काय?” संगप्पा फावडं कोपऱ्याला टेकवून ओसरीवर जाऊन बसायचा. पोरगा गेल्यापासून त्यानं बोलणंच सोडल्यासारखं होतं.

संध्याकाळ झाली तसं घर भरू लागलं. गल्लीत इन्व्हर्टर फक्त संगप्पाच्या घरी, आणि आज टीव्हीवर ‘वज्रपंख’ मालिकेचं दुसरं पर्व सुरू होणार होतं! टँकरही याच सुमाराला यायचा. म्हणून लोकांनी दारापासून कोपऱ्यापर्यंत घागरी नंबराला लावल्या आणि माणसं आत येऊन टीव्हीपुढं बसली. धाकटा लेक गुरुलिंग रिमोट घेऊन मालकासारखा पुढं बसला होता.

“उदगीर जिल्हा होणार म्हणतेत,” जाहिरात लागली तसा शेजारचा केरबा बोलला.

“होऊ द्या की! एकाचे दोन करा, चार करा. माझ्या घागरीत एक तांब्या तर टाका!” कोंडाबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

“गप बसा, लागलं!” गुरुलिंग ओरडला.

निळ्या मुखवट्याचा वज्रपंख पडद्यावर आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तुळजाबाई खांबाला टेकून तांदूळ निवडत होती. तिला त्या खेळात रस नव्हता. तिचं लक्ष आतल्या खोलीकडं होतं. तिथून ट्रंकेची कडी वाजली... नीलम्मा खरंच बांधाबांध करत होती! तांदळातला खडा कुठला आणि दाणा कुठला, तुळजाबाईला दिसेना.

“मागल्या टायमाला हा जाडजूड होता की,” केरबा म्हणाला. “यंदा वाळलाय.”

“त्याच्याकडं बी दुष्काळ पडला आसंल!” कोंडाबाई.

“बोलतानी जाड दिसतो आन् उडतानी वाळतो. ही काय भानगड हाय?”

“काका, उडणारा माणूस दुसराच असतोय,” गुरुलिंग शहाणपणानं म्हणाला. “हिरो कशाला हातपाय मोडून घेतोय? मुखवटा घातला की कोण वळखतंय!”

“म्हंजी पडायचं एकानं आन् हार दुसऱ्याच्या गळ्यात? मुडदा बशिवला त्येंचा!” कोंडाबाई फणकारली.

तेवढ्यात वज्रपंख एका उंच मनोऱ्याच्या टोकावर चढला. ढोल वाजू लागले. त्यानं खाली पाहिलं, डावी मूठ वळली, छातीला घट्ट लावली... आणि अंग झोकून दिलं!

“आरं, नवी स्टाईल!” पोरं उठून छातीला मुठी लावू लागली. “पहिल्या पर्वात ही न्हवती!”

तुळजाबाईचा हात सुपात थांबला.

छे! मनाचे खेळ... थकलेल्या आईला काय, वाऱ्यानं हललेल्या कडीतही लेकाची चाहूल लागते. तिनं मान खाली घातली. पण डोळे ऐकेनात. पडद्यावर आता पूल होता, खाली खळाळतं पाणी होतं. मुखवट्याच्या माणसानं पुन्हा तीच डावी मूठ छातीला लावली, उजवा गुडघा पोटाशी घेतला, उडी मारली. तो पाण्यातून वर आला, निथळत काठाला लागला, आणि दुश्मनाकडं वळण्याआधी, पापणी लवते न लवते तोच, त्यानं ती मूठ डोळ्यांना लावली. एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला. मग मूठ उघडली.

मुठीत काहीच नव्हतं!

“ह्यो डोळे कशाला पुसायलाय?” केरबा हसला. “मोठा वीर, आन् डोळ्यात पाणी गेलं व्हय रं!”

सगळे खदाखदा हसले. तुळजाबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं, तांदूळ भुईवर पसरले. तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. नीलम्मा दारात उभी होती. तिची डावी मूठ तिच्या स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर आवळलेली होती. दोघींची नजर भेटली...

बाहेर टँकरचा भोंगा वाजला.

“आला, आला!” सगळं घर धडपडत उठलं. चपला, लेकरं, शिव्या, घागरींचा खणखणाट! बघता बघता बैठक रिकामी झाली. उन्हाळाभर टँकरचा भोंगा वाजला आणि तुळजाबाई उठली नाही, असं घडलं नव्हतं. आज ती जागची हलली नाही.

“विरू हाय त्यो,” ती म्हणाली. “नीले, आपला विरू हाय गं! जित्ता हाय!”

“हाव, आत्याबाई... तेच हायत.”

“आई, खुळी झालीस काय? त्यो मुंबईचा कोण तरी—” गुरुलिंगचं बोलणं अर्ध्यातच तुटलं. ओसरीवरच्या अंधारातून संगप्पा आत आला होता. टीव्हीकडं नेहमी पाठ फिरवून बसणारा तो माणूस, आज दाराआडून सारं पाहत होता!

“डोळ्याला लावली त्यानं,” तो म्हणाला. “काय नसताना बी लावली.”

आणि त्यानं धोतराच्या कनवटीतून एक फडकं काढलं. फडक्यात गाळानं काळी पडलेली चांदीची डबी होती. झाकणावरची बेलाच्या पानाची नक्षी तुळजाबाईनं लगेच ओळखली. बारशाला तिच्या माहेरानंच ती घडवली होती!

“कवा सापडलं?”

“झाले की दिवस.”

“आन् मला सांगितलं न्हाई?”

“काय सांगू? हे घावलं, पण ज्याचं त्याला कुठं धुंडू? माझ्याच तोंडानं घालिवला मी त्याला, तुळजे... माझ्याच तोंडानं!”

सारं आयुष्य ताठ मानेनं जगलेला संगप्पा भुईवर, त्या सांडलेल्या तांदळातच बसला आणि लहान लेकरासारखा हमसून रडू लागला. नीलम्मानं पुढं होऊन त्याचे पाय धरले. तुळजाबाईला वाटलं, ह्या माणसाला मी रोज गाळावरून बोलले, आणि हा रोज तळाला जाऊन माझंच लेकरू शोधत होता!

मन्मथ घसा खाकरून पुढं आला. “मावशी, आमच्या गल्लीतला एक जण मुंबईत शूटिंगला लाईट लावतोय. त्याला इचारतो. माणूस हुडकणं काय अवघड न्हाई.”

“मग सकाळची गाडी बिलोलीची न्हाई,” तुळजाबाई उठत म्हणाली. “लातूरला जायचं, तिथनं मुंबईची रेल्वे. हे लिंग तुझ्या हातानं त्याच्या गळ्यात घाल, नीले. आन्...” तिनं ती डबी नीलम्माच्या हातात ठेवली. “दुपारी मी बोलले ते...”

“मला ठावं होतं ते, आत्याबाई.”

“काय ठावं होतं?”

“भूक न्हाई म्हणून तुमी रोज तुमची भाकरी माझ्या ताटात सारत व्हता. जास्तीचं तोंड कुणी असं पोसतंय व्हय?”

तुळजाबाईनं तिला ओढून छातीशी धरलं. इतक्या वर्षांचं कोरडं पडलेलं ते अंतःकरण दोन्ही डोळ्यांनी वाहू लागलं...

बाहेर टँकर निघून गेला. संगप्पाच्या घरच्या घागरी तशाच पालथ्या होत्या. जरा वेळानं कोंडाबाई दारात आली, कमरेवर भरली घागर. “काय गं, मेलात का काय समदे? नंबर गेला तुमचा!” मग तिनं आत पाहिलं. काही न विचारता तिनं निम्मं पाणी त्यांच्या घागरीत ओतलं आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. नीलम्मा म्हणाली, “भेटले. गळ्यात घातलं. मामंजीला इचारतेत, आता तोंड दावू का?” तुळजाबाईनं फोन संगप्पाच्या हातात दिला. त्यानं फोन नुसता कानाला धरून ठेवला, आणि पलीकडच्या विरूलाही तेवढं पुरलं.

त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक भरली. पुन्हा दाराशी घागरी, पुन्हा केरबाची कुरकुर. वज्रपंख कड्याच्या टोकावर उभा राहिला, तशी तुळजाबाईनं पदर डोळ्यांवर घट्ट ओढला. गल्ली ओरडत होती, पोरं टाळ्या पिटत होती. तिला काही पाहायचं नव्हतं.

“अवो,” ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला पदराआडून हळूच म्हणाली, “टेकला का भुईला?”

संगप्पानं पापणी न हलवता पडद्याकडं पाहिलं. मग त्याचा सुरकुतलेला हात तिच्या हातावर आला.

“टेकला. डोळे उघड.”