सिनेमातला नवरा

माझ्या थोरल्या बहिणीला, ॲडीला, जुळं झालं ते १९५४ साल. त्याच उन्हाळ्यात बॅडलँड्सच्या उघड्या टेकड्यांत सिनेमावाले येऊन उतरले. तंबूपुढे उभं राहायचं काम खरं तर ॲडीला मिळालं होतं. पण तिला दोन बाळांतून डोकं वर काढायला उसंत नव्हती. म्हणून मी गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

सिनेमा घोडदळाचा होता. एका बाजूला निळ्या कोटातले गोरे शिपाई, दुसऱ्या बाजूला आम्ही, त्या मुलखातले मूळचे लोक. बाहेरचे आम्हाला सू म्हणतात, आम्ही स्वतःला लाकोटा म्हणतो. कंपनी गरीब होती. तोफ लाकडाची होती, आणि शिपाई इतके कमी की लांबून दाखवायची दौड असली की आमच्याच पोरांना निळे कोट चढवून पळवायचे. वडील गेल्यापासून ज्यांनी मला वाढवलं ते माझे ल्यूक काका सरदार झाले होते. आवाज नंतर भरायचे असल्यामुळे कोण काय बोलतं याला महत्त्व नव्हतं. काका दोन्ही हात आकाशाकडे करून, खोल आवाजात, दुपारच्या जेवणातल्या घेवड्याबद्दल तक्रार करायचे. आणि सगळे योद्धे गंभीरपणे माना डोलवायचे.

पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं — बार वाजले की तंबूतून धावत यायचं, डोक्याला हात लावायचा आणि थांबायचं. मी थांबले. तर पायाखालून आमच्या भाषेत आवाज आला.

"बाई, माझ्या वेणीवर उभी आहेस."

खाली एक मेलेला माणूस पडला होता. डोळे मिटलेले, छातीवर लाल रंग. मी पाय उचलणार, तोच तो पुटपुटला, "नको, आता हलू नकोस... यंत्र आपल्याकडे वळलंय. वेणी खोटीच आहे, दुखत नाही."

"मग बोलतोस कशाला? तू मेलायस ना?"

"आत्ताच मेलो. अजून सवय झालेली नाही."

मला हसू आवरेना. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तरी खांदे गदगदा हलत होते. सिनेमा काढणारा ग्रॅडी म्हणून होता, त्याला वाटलं ही पोरगी काय सुंदर रडते. दुसऱ्या दिवशी त्याने मला त्या मेलेल्या माणसाची बायको करून टाकलं.

आमच्यात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच असतो: तू कुणाची? आजा कोण, आजी कोण, कुठल्या ओढ्याकाठची? उत्तर मिळालं की एकमेकांना काय म्हणायचं ते ठरतं — काका, वहिनी, मेव्हणा, जे असेल ते — आणि मग कसं बोलायचं, किती हसायचं, तेही ठरतं. तो उत्तरेकडच्या पोरांच्या ट्रकमधून आला होता, आमच्यापैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं. सिनेमावाल्यांनी सगळ्यांच्या गळ्यात नावाऐवजी आकड्यांच्या चकत्या अडकवल्या होत्या. मी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तू कुणाचा?"

तो कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणाला, "इतक्यात नको विचारू. विचारलंस की मी कुणाचा तरी कुणीतरी होईन. आत्ता मी नुसता मेलेला आहे. बरं वाटतंय."

त्याने नाव तेवढं सांगितलं. अल्फॉन्स. मीही डेल्फीन एवढंच सांगितलं. आणि मलाही — खोटं कशाला सांगू — न विचारण्यात गोडी वाटायला लागली. त्याला हाक मारायला माझ्याकडे सिनेमातलं एकच नातं होतं, तेच मी वापरलं. "ए नवऱ्या, तळलेली भाकरी संपायला आली." मग तो येऊन शेजारी बसायचा, पण हातभर अंतर ठेवून.

तो सकाळी मरायचा आणि दुपारी निळा कोट घालून आमच्याच लोकांच्या मागे धावायचा. एकदा तो तसाच, कोटातच, पाणी प्यायला आला.

"सकाळी माझ्या नवऱ्याला तूच मारलंस," मी म्हटलं.

"हो. म्हणून तर आलो. विधवेची काळजी आता मलाच घ्यायला हवी."

"विधवेला काळजी नको आहे."

"मग साखर तरी घे," म्हणत त्याने खिशातून कागदात गुंडाळलेले साखरेचे दोन खडे काढून माझ्या हातावर ठेवले. बोटं लागली नाहीत. लागू दिली नाहीत त्याने... आणि तेच मला दिवसभर जाणवत राहिलं.

घोड्यावरून तो असा पडायचा की बघणाऱ्याने उचलायला धावत सुटावं. मी विचारलं, इतकं चांगलं पडायला कुठे शिकलास. "कोरियाच्या लढाईत," तो म्हणाला, "तिथे पडलेले सगळे उठत नव्हते." मग तो खोगिराचा पट्टा आवळायला लागला. मीही चोकचेरीची आंबट-तुरट रानफळं निवडत, खात बसले, बिया थुंकत. आणि ती शांतता आम्हा दोघांची होती.

मग एका दुपारी पाऊस आला. टेकड्यांवर काळं आभाळ चढलं आणि मिनिटभरात जमिनीचा डिंक झाला. सगळे ट्रककडे पळाले. माझे जोडे त्या चिखलात रुतले, मी पाय ओढते आहे, तर तो मागे येऊन उभा राहिला आणि त्याने तो निळा कोट आम्हा दोघांच्या डोक्यावर धरला. जाड लोकरीला ओल्या घोड्याचा वास येत होता. कोटाचा रंग कच्चा, माझ्या मानेवरून निळे ओघळ उतरत होते.

"तुझी मान शिपाई झाली," तो म्हणाला.

"पूस मग."

त्याने पुसलं नाही. नुसता बघत राहिला. नंतर हळू आवाजात म्हणाला, "हा सिनेमा संपेल ना... तेव्हा मला मेलेला राहायचं नाहीये. तुझ्या काकांना भेटू का?"

मी चिखलाकडे बघत मान हलवली. हो म्हणून.

तो त्याच संध्याकाळी आला. दाढी केलेली, खोटी वेणी काढलेली, हातात काकांसाठी तंबाखू. काका ट्रकच्या ताडपत्रीखाली खोक्यावर बसले होते. मी पलीकडे भांडी घासायचं सोंग करत होते, पाण्याचा आवाजही होऊ न देता. काकांनी तंबाखू घेतली आणि जे कुणीतरी विचारायचंच होतं ते विचारलं. अल्फॉन्सने वडिलांचं नाव सांगितलं. मग आज्याचं.

काकांच्या हातातली तंबाखू खाली पडली.

ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. साठेक वर्षांमागे वुंडेड नीच्या ओढ्यावर खऱ्या घोडदळाने आमच्या माणसांवर गोळ्या झाडल्या, त्या हिवाळ्यात बर्फात दोन पोरगे एकाच घोंगडीत जिवंत सापडले. दोघांचंही घरचं माणूस उरलं नव्हतं. वसंतात म्हाताऱ्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर लाल रेघ ओढली, केसांत गरुडाचं पीस बांधलं आणि त्यांना भाऊ केलं. असं बांधलेलं भावपण आमच्यात रक्ताच्या भावापेक्षा वरचं मानतात, कारण ते माणसांनी जाणूनबुजून घेतलेलं असतं. मग एकाला उत्तरेला नेलं. दुसरा इथेच राहिला. तो माझा आजोबा. मरेपर्यंत तो त्या भावाचं नाव घेत होता. तेच नाव आत्ता अल्फॉन्सने घेतलं होतं.

काका उठले, त्यांनी अल्फॉन्सला छातीशी धरलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. इतके आनंदात मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "डेल्फीन," त्यांनी हाक मारली, "इकडे ये पोरी, तुझा भाऊ सापडला."

मी गेले. त्यांच्या खांद्यावरून अल्फॉन्स माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली. मोठे झालेले भाऊ-बहीण आमच्यात एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, थट्टा करत नाहीत. मान राखणं हेच तिथे प्रेम. काकांनी त्याला तो कशासाठी आला होता ते विचारलंच नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. रात्रीच्या जेवणाला त्याला पहिलं वाढलं.

शेवटच्या दिवशी आमचा दोघांचा एक प्रसंग घ्यायचा राहिला होता. नवरा लढाईला निघतो, बायको त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकते, एवढंच. आम्ही तंबूसमोर उभे राहिलो. ग्रॅडी यंत्रामागून ओरडून सांगत होता, त्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ. काका लांब, घोड्यांजवळ उभे होते. आणि अल्फॉन्स, ओठ फार न हलवता, बोलायला लागला.

"उद्या सकाळी रॅपिड सिटीहून डेन्वरची बस आहे. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथे तू कुणाची नाहीस, मी कुणाचा नाही. आपल्यात रक्ताचा थेंब सारखा नाही, डेल्फीन."

मी घोंगडी नीट करत राहिले. माझी बोटं त्याच्या मानेला लागली. पहिल्यांदाच.

"काहीतरी बोल," तो म्हणाला. "काहीही म्हण. फक्त तो शब्द म्हणू नकोस. तो म्हटला नाहीस तर मी थांबेन, काकांच्या पाया पडेन, काय वाट्टेल ते करेन."

मी घोड्यांकडे पाहिलं. काका कुणाला तरी हात हलवून काही सांगत होते, बहुतेक त्याच घोंगडीतल्या पोरांची गोष्ट. तीन दिवस ते भेटेल त्याला तीच सांगत होते. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. ते सुख मी त्यांच्याकडून परत कसं घेणार होते?

"दादा," मी म्हटलं, "सांभाळून जा."

त्याने घोंगडी खांद्यांभोवती आवळून घेतली. मग घोड्यावर बसून गेला. प्रसंग तेवढाच होता. मी शेवटपर्यंत वर बघितलं नाही, म्हणून ग्रॅडी आधी चिडला आणि मग म्हणाला की राहू दे, लाजते छान.

सिनेमा पुढच्या वर्षी गावात आला. पडद्यावर माझ्या तोंडून कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज निघाला, आमच्या नसलेल्या कुठल्याशा भाषेत. लोक हसले. मी बाहेर येऊन बसले.

अल्फॉन्स डेन्वरला गेला नाही. तो उत्तरेला आपल्या गावी, ईगल ब्यूटला परतला आणि दोन वर्षांनी त्याने लग्न केलं. भावाच्या पहिल्या मुलाचे मण्यांचे जोडे बहिणीने करायचे असतात. मी केले, पिवळे आणि हिरवे मणी घालून. त्याच्या बायकोने उलट एक रजई पाठवली. मीही लग्न केलं, माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण पुढे आमच्याच खोऱ्यात, असंच बांधलेलं नातं असलेल्या दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. म्हातारे महिनाभर कुरकुरले, नंतर त्यांच्या बाळाच्या जेवणाला जाऊन पोटभर जेवून आले. मी त्या दिवशी पंगतीत वाढत होते. हातातलं मांसाचं पातेलं मी खाली ठेवलं आणि बराच वेळ मला ते परत उचलता येईना. कदाचित काकाही कुरकुरले असते, महिनाभर. कदाचित नसतेही... आता ते कुणाला विचारायचं?

सत्तावीस वर्षांत आम्ही दहा-बारा वेळा भेटलो असू — लग्नं, अंत्यविधी, उन्हाळ्यातले नाच. तो मला मानाने ताई म्हणायचा, मी त्याला दादा. तब्येत विचारायची, मुलांचं विचारायचं आणि एकमेकांच्या हातांकडे बघत राहायचं. त्याचे हात मी चांगले ओळखते. चेहरा म्हातारा कसा होत गेला ते मला सांगता येणार नाही.

तो गेल्याचं सांगायला त्याची मुलगी थिओडोरा बर्फातून गाडी हाकत माझ्या दारात आली. "आत्या," ती म्हणाली, "बाबांजवळ बसायला चला. तुमच्याशिवाय त्यांच्या बाजूचं कुणी नाही." मी दोन रात्री त्याच्या उशाशी बसले. तो मान माझा होता, आणि तो मला कुणाकडे मागावा लागला नाही. तेव्हा मी त्याच्याकडे सरळ बघितलं.

ल्यूक काका १९५६ च्या फेब्रुवारीत वारले. अल्फॉन्स १९८१ च्या नोव्हेंबरात, ईगल ब्यूटला, हृदय बंद पडून वारला.