सात मुलींचा प्रसंग

तो चित्रपट पडणार, हे आम्हाला प्रेक्षकांच्या चार महिने आधीच कळलं होतं. मी ध्वनिमुद्रक आहे. पडद्यावर पात्रं चालतात, दारं लावतात, पेले ठेवतात. त्यातले बरेचसे आवाज नंतर स्टुडिओत नव्याने करून भरावे लागतात. ते मी मुद्रित करतो. आणि ते करायच्या काकी. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या. पण पडद्याकडे बघत बघत कुणाचीही चाल पायात घ्यायच्या. जाडजूड सावकार असो की नाचरी पोर, डोळे मिटून ऐकलं तर तोच माणूस समोरून गेल्यासारखा वाटायचा.

पहिल्या भागात भूत शेवटपर्यंत दिसलं नव्हतं, म्हणून लोक घाबरले होते. या दुसऱ्या भागात ते पाचव्या मिनिटाला दिसतं आणि मग घरच्यासारखं वावरतं. गोष्ट युद्धाच्या काळातली. शहरातून हलवलेल्या मुली त्याच जुन्या दगडी हवेलीत येऊन राहतात. बाहेर बॉम्ब, आत भूत, आणि मधे नुसता कंटाळा.

"चित्रात भीती उतरली नाहीये," दिग्दर्शक म्हणाला. "ती आवाजात घाला."

तो गेल्यावर काकी म्हणाल्या, "मीठ घालायचं राहिलं, असं सांगितल्यासारखं सांगतोय."

एका सकाळी अकराच्या सुमारास आम्ही तळघराचा प्रसंग घेतला. भोंगा वाजतो. सात मुली रांगेने पायऱ्या उतरतात, शेवटची मुलगी आतून दार लावून घेते. त्यानंतर चार सेकंद रिकामा बोळ दिसतो. तो का ठेवलाय, ते दिग्दर्शकालाही सांगता आलं नव्हतं. काकींनी प्रत्येक मुलीची पावलं वेगळी केली. सात वेळा दृश्य लावलं, सात वेळा बूट बदलले.

"झालं काकी. चहा घेऊ या."

"आठवी राहिली ना."

मी दृश्य मागे नेऊन पुन्हा मोजलं. "सातच आहेत."

"दिसतात सात," त्या बूट काढत म्हणाल्या. "लाव तू."

त्या अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकायचं, दुसरं घासत ओढायचं. आणि तरी घाई. ती पावलं बोळाच्या लांबच्या टोकाकडून आली, दाराशी पोचली आणि थांबली. बरोबर चार सेकंद. त्या रिकाम्या बोळात तेवढीच जागा होती. काचेपलीकडे काकी स्तब्ध उभ्या होत्या.

दिग्दर्शकाला ऐकवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने हातातला फोन खाली ठेवला. "हेच हवं होतं," तो म्हणाला.

चहा पिताना काकी आपणहून बोलल्या.

"आम्हालाही युद्धात असंच नेलं होतं. मी नऊ वर्षांची, बहीण पाचची. तिचा एक पाय अधू. भोंगा झाला की मोठ्या मुलींनी तळघराचं दार लावायचं, अशी शिस्त. त्या दिवशी दाराशी मी होते."

"मग?"

"ती येत होती. मला ऐकू येत होतं." त्यांनी कप बशीत ठेवला. "मी लावलं दार. आयुष्यभर जगाची पावलं केली रे, तिची कधी केली नव्हती."

मी कप उचलून नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा आवाज जुळवत बसलो होतो. आठवीची पावलं दाराशी थांबली. मुद्रण तिथेच संपायला हवं होतं. ते मी स्वतः बंद केलं होतं.

ते संपलं नाही.

कुणीतरी लाकडावर तळहाताने थोपटत होतं. जोरात नाही. खालच्या बाजूला, लहान मुलाचा हात पोचेल तिथे. आमच्या त्या खोलीत लाकडाची एकही वस्तू नव्हती. मग श्वास ऐकू आला, अगदी माइकजवळ.

मी हेडफोन काढले आणि काकींना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुसू नको. एवढं राहू दे तिचं."

"बरं," मी म्हणालो आणि फोन ठेवल्या ठेवल्या आठवीचं सगळंच मुद्रण पुसून टाकलं. दिग्दर्शकाला मुद्रण खराब झाल्याचं सांगितलं. काकींना काहीच सांगितलं नाही.

चित्रपट लागला आणि पडला. एका समीक्षकाने लिहिलं, यातली सर्वांत भयानक गोष्ट म्हणजे त्याची लांबी. तरी काकींनी बघायचा हट्टच धरला. आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. सबंध थिएटरात दहा-बारा डोकी. मी कडेच्या खुर्चीवर, शेजारी काकी, त्यांच्या पलीकडच्या खुर्चीवर त्यांची जड पिशवी. त्याच रांगेत आणखी आत एक म्हातारे गृहस्थ, आणि शेवटी एक जोडपं आपापल्या फोनमध्ये बुडालेलं.

तळघराचा प्रसंग आला. सात मुली उतरल्या. दार लागलं. मग रिकामा बोळ, आणि चार सेकंद नुसती शांतता.

"काढलंस," काकी म्हणाल्या.

"हो."

त्या रागावल्या नाहीत. त्या रांगेच्या आतल्या टोकाकडे बघत होत्या.

तिथल्या त्या तरुणाने फोनमधून नजर न काढता गुडघे आत घेतले. कुणी पुढून जायला लागलं की आपण घेतो तसे.

मग त्याच्या शेजारच्या मुलीने घेतले.

थोड्या वेळाने म्हाताऱ्यांनी घेतले. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ तसंच बसावं लागलं.

काकींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ये, बस," त्या हळूच म्हणाल्या.

वजन निघालं की ती घडीची खुर्ची मिटायला हवी.

ती मिटली नाही.