पाचवं माणूस

मंगळावरच्या अरुणा वसाहतीत माणसं मोजायचं खातं वायुकेंद्राच्या तळमजल्यावर होतं. हेमांगी यादव तिथे अर्जदार म्हणून पहिल्यांदाच आली होती. एरवी ती वरच्या मजल्यावर मुख्य वायुअभियंता म्हणून बसे. पृथ्वीवरून कुणाला आणता येईल, हे ठरवणारं गणित तिनंच मांडलेलं. दुसऱ्यांच्या आया मोजताना ती कधी अडली नव्हती.

"पाच होतात," गणना अधिकारी लोटलीकरबाई म्हणाल्या. "तुमच्या घराला हवा चौघांची."

"मी, नवरा, मुलगी आणि आई. चारच की."

"आईवर अवलंबून असलेलं माणूसही धरायचं, ते येवो न येवो. उद्या येण्याचा हक्क त्याला मिळतोच. तुमचाच नियम."

"आईवर कोण अवलंबून असणार? कराडात ती एकटी राहते."

लोटलीकरबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. पाचव्या ओळीत हेमांगीचाच चेहरा होता, आठ वर्षांनी तरुण.

मग तिला आठवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी आईचं रडू थांबेना, म्हणून तिनं आपल्या मेंदूची मनप्रत काढून घरी ठेवली होती. आईनं ती कधीच बंद केली असेल, असं ती धरून चालली होती.

"ते यंत्र आहे. श्वास घेत नाही."

"वीज तर घेतं. आणि इथली हवा आपण बर्फातून विजेनंच काढतो ना? मनप्रतीला वाटतं, दुखतं, म्हणून कायद्यानं ती माणूस. सवलत मागणाऱ्या कितीजणांना तुम्हीच परत पाठवलंत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कराडचा मागचा उन्हाळा आईनं कसाबसा काढला होता. पुढचा तिच्या वयाची माणसं काढणार नाहीत, असं सगळेच सांगत होते, आणि त्याआधी पृथ्वीवरून सुटणारं एकच यान उरलं होतं.

"एक वाट आहे," लोटलीकरबाई म्हणाल्या. "एकाच माणसाची दोनदा गणना होत नाही. दोघींपैकी मुलगी कोण, हे आईनं सांगायचं. दुसरीचं नाव आईच्या कुटुंबातून कमी होईल. मनप्रत कमी झाली, तर पुसतात."

हेमांगीनं तिथूनच निरोप धाडला. "आई, तिचं नाव कमी कर. ती नुसती नक्कल आहे गं. तू ये." बोलताना ती कुठे अडखळली नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पडद्यावर आई डोक्यावर ओला पंचा घेऊन बसली होती.

"हेमा, तुझा निरोप आम्ही दोघींनी ऐकला. तिच्यापासनं काय लपवायचं? ऐकलं आणि लगेच म्हणाली, आई, मला कमी कर, तू जा, इथं ऱ्हायलीस तर मरशील. लई समजावलं तिनं मला." आईनं डोक्यावरचा पंचा सारखा केला. "तू म्हणालीस, तिला कमी कर. ती म्हणाली, मला कमी कर. सही घ्यायला माणूस आला, तवा मला फार विचार करावा लागला नाही. राग नाही गं माझा तुझ्यावर. पोरीला जप."

हेमांगी धावतच तळमजल्यावर गेली. "मी पुन्हा अर्ज करते."

"कुणासाठी?" लोटलीकरबाईंचा आवाज मऊ झाला होता. "प्रायोजक म्हणून मुलगी लागते. नियमानं तुम्ही आता त्यांच्या कुणी नाही. तुमचं कुटुंब तिघांचं. आणि एकदा कमी झालेलं नाव पुन्हा धरत नाहीत. ते कलम..."

"माझंच आहे," हेमांगी म्हणाली.