काळ्यावर तपकिरी

विर्वे दालनात शिरली आणि जागीच थिजली. तालिनच्या कलादालनात तिचं हे पहिलंच चित्र... आणि शिडीवर चढून कुणीतरी लंबूटांग तरुण त्यातल्या काळ्या पट्ट्यावर खुशाल तपकिरी रंग फासत होता!

“ए! हात मोडून ठेवीन!”

“आधी शिडी धरा, मग मोडा,” तो म्हणाला. “मी एंदेल. इथल्या चौकटी करतो.”

“आणि चित्रांचा सत्यानाश?”

“प्रदर्शन समितीचा हुकूम. वर निळा, मधे काळा, खाली पांढरा... त्यांना काय कळत नाही वाटलं?”

“आकाश, जंगल, बर्फ आहे ते!”

“हो का? माझ्याकडे बघून म्हणा की.”

तिनं बघितलं. मेल्याचे राखाडी डोळे हसत होते. तिला म्हणवेना. मॉस्कोनं एस्तोनिया गिळल्यापासून या तीन रंगांच्या, देशाच्या जुन्या झेंड्याचं नाव काढायचीही चोरी होती.

एंदेलनं आवाज उतरवला. “सरसात कालवलेला रंग आहे. खाली तुमचा तैलरंग पक्का वाळलाय. प्रदर्शन उरकलं की ओलं फडकं फिरवा—काळा जसाच्या तसा!”

आभार मानायचे सोडून ती आणखीच भडकली. “मला वाचवायला तुला सांगितलं कुणी?”

“कुणीच नाही...” त्याचे कान लाल झाले.

उद्घाटनाला समितीचे अध्यक्ष चित्रापुढे थबकले. “वा! नांगरलेलं सामुदायिक शेत! आपल्या सोविएत मातीचा रंग!”

टाळ्या पडल्या. विर्वेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फुलदाणीत रुमाल बुचकळला आणि खुर्चीवर चढून सगळ्यांदेखत चित्रावर फिरवला. तपकिरी ओघळ फरशीवर आले. मधला पट्टा काळाकुट्ट दिसू लागला. एका म्हाताऱ्यानं हळूच टोपी काढली.

“धुतला जाणारा रंग कुणी दिला?” अध्यक्ष गरजले.

एंदेल मागच्या रांगेत होता. गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं.

“मी,” तो म्हणाला.

तासाभरात चित्र जप्त झालं, त्याची नोकरी गेली आणि कलाकार संघाच्या यादीतून तिचं नावही. दोघं बाहेर वाऱ्यात उभी होती.

“तोंड बंद ठेवता येत नव्हतं?” ती रागानं रडत होती.

“तू एकटी उभी होतीस... मला नाही बघवलं. विर्वे, मला तू आवडतेस.”

“ही काय वेळ आहे?”

“नाही. पण यांना न विचारता करण्यासारखं आता एवढंच उरलंय.”

तिचा राग तसूभर उतरला नव्हता. तरी तिनं त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि त्याचं चुंबन घेतलं.

“दारातला पहारेकरी बघतोय...” तो पुटपुटला.

“बघू दे मेल्याला!”